गुरांच्या दवाखान्यातली मांजर



आमच्या सांगली भागात मांजर आजारी पडली तरी तिला 'गुरांच्या दवाखान्यात' नेतात. दारावरच्या पाटीवर 'पशुवैद्यकीय दवाखाना' असं लिहिलेलं असतं, पण बोलताना कुणी तसं म्हणत नाही. मला हा जुना शब्द फार बोलका वाटतो. गुरं म्हणजे गाय, बैल, म्हैस. दवाखाना कुणासाठी उभा राहिला ते त्या नावातच आहे. मांजर तिथे सगळ्यांत शेवटी आली, आणि तिच्यासाठी बसायची वेगळी जागा कुणी केलेली नव्हती.

आजचा लेख त्या बसायच्या जागेबद्दल आहे. आपला नंबर येईपर्यंत आपण बाकावर बसतो आणि मांजर पिशवीत, टोपलीत नाहीतर पिंजऱ्यात बसते, ती जागा. एवढ्याशा जागेला कसला आलाय इतिहास, असं वाटेल. पण तो आहे, आणि तो वाचल्यापासून दवाखान्यातल्या बाकाकडे बघण्याची माझी नजर बदलली आहे.

खंबायतचं रुग्णालय

सुरुवात आपल्याच देशापासून करते. राल्फ फिच नावाचा इंग्रज व्यापारी १५८३ मध्ये लंडनहून निघाला आणि हिंदुस्थानासह पूर्वेकडचे देश फिरून १५९१ मध्ये परतला. त्याने लिहून ठेवलं आहे की खंबायतला लोक जीव मारत नाहीत, लंगड्या कुत्र्यामांजरांसाठी आणि पक्ष्यांसाठी तिथे रुग्णालयं आहेत, आणि लोक मुंग्यांनाही खाऊ घालतात. पुढे १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला वाले हा इटालियन प्रवासी खंबायतला आला. त्यानेही तिथलं पक्ष्यांचं रुग्णालय पाहून त्याबद्दल लिहिलं.

युरोपातली पहिली पशुवैद्यक शाळा फ्रान्समधल्या ल्यों शहरात निघाली. तिला राजाची परवानगी मिळाली १७६१ मध्ये. म्हणजे फिचने खंबायतच्या मांजरांबद्दल लिहिलं त्याला तेव्हा पावणेदोनशे वर्षं होत आली होती. हे वाचून कुणाही जैन बाईला बरं वाटेल, तसं मलाही वाटलं.

पण आपली ही परंपरा होती आश्रयाची. जनावर आलं की ते तिथेच राहायचं. मुंबईची पांजरपोळही तशीच. १८३२ मध्ये इंग्रजांनी मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला तेव्हा मुंबईत पारशी लोकांनी मोठा दंगा केला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ सुरू झाली. मोतीशहा म्हणजे भायखळ्याचं आदेश्वर मंदिर आणि शत्रुंजयावरची टूंक बांधणारे तेच. पांजरपोळीत आलेल्या जनावराला चारा, पाणी आणि मरेपर्यंत जागा मिळे. थोडा वेळ थांबायचं, तपासून घ्यायचं आणि घरी परत जायचं, ही पद्धत तिथली नव्हती. ती आली दुसऱ्या घराण्यातून, ल्योंच्या शाळेपासून सुरू झालेल्या.

आधी घोडा, मग बैल, मग कुत्रा

ल्योंची शाळा काढणारे क्लोद बूर्जला हे मुळात घोडेस्वारी शिकवणाऱ्या संस्थेचे प्रमुख. गुरांच्या बुळकांडीने तेव्हा युरोप हैराण झाला होता, म्हणून राजाने पैसा दिला. लंडनचं पशुवैद्यक कॉलेज १७९१ चं. तिथे अनेक वर्षं शिक्षणाचा मुख्य विषय घोडा हाच होता. घोड्यावर सैन्य चालायचं, गाड्या चालायच्या, टपाल जायचं.

मुंबईतही तेच. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली. रस्त्यावर घोडे आणि बैल राबत होते, जखमी होत होते. १८८३ मध्ये परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय झालं आणि १८८६ मध्ये तिथेच मुंबईचं पशुवैद्यक कॉलेज सुरू झालं. अशा रुग्णालयाला मोठं आवार लागतं, पाण्याचे हौद लागतात, बांधायला खुंटे लागतात. घोडा किंवा बैल आवारात उभा राहतो, धनी त्याचा कासरा धरून शेजारी उभा राहतो. बसायच्या खोलीची गरजच नसते.

मोटार आली आणि शहरातले घोडे कमी झाले. युरोप-अमेरिकेतल्या पशुवैद्यांना नवे रोगी शोधावे लागले, आणि ते मिळाले घरातल्या कुत्र्यांच्या रूपाने. आवार जाऊन खोली आली. भिंतीला लागून बाक, मध्ये मोकळी फरशी, बाकावर माणूस आणि त्याच्या पायाशी साखळीला बांधलेला कुत्रा. आज जगातला कुठलाही दवाखाना डोळ्यांसमोर आणा, आपल्या तालुक्याचासुद्धा, मांडणी हीच. ही कुत्र्याच्या अंगाने झालेली मांडणी आहे. सगळीच कुत्री तिथे खुशीत असतात असं नाही. पण कुत्रा मालकाच्या पायाशी टेकून बसू शकतो, त्याच्या तोंडाकडे बघून धीर घेऊ शकतो.

मग याच खोलीत मांजर आली. तिची टोपली कुठे ठेवायची? बाकावर माणसं. म्हणून टोपली फरशीवर गेली, समोरच्या कुत्र्याच्या नाकाच्या बरोब्बर उंचीला.

मांजरीला काय लागतं

मांजरीचा पूर्वज म्हणजे आफ्रिकेतलं आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. शेती सुरू झाली, धान्य साठवलं जाऊ लागलं, उंदीर वाढले, आणि उंदरांमागे मांजर माणसाजवळ आली. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेली सापडली आहे. इतकी जुनी ओळख असूनही तिचा मूळ स्वभाव एकट्याने राहण्याचा. कुत्र्यासारखा तिला कळप नाही. शिवाय ती लहान जीवांची शिकार करते आणि मोठ्या जनावरांची शिकार होते. दोन्ही बाजूंचं भय तिच्या रक्तात आहे.

म्हणून धोका दिसला की तिला चार गोष्टी लागतात. ओळखीची जागा, ओळखीचा वास, चढून बसायला उंची आणि लपायला आडोसा. बसायच्या खोलीत या चारही एकदम काढून घेतल्या जातात. जागा परकी, वास फिनेलचा आणि दहा जनावरांचा, टोपली जमिनीवर, जाळी चारी बाजूंनी उघडी. त्यातून तिचा कान आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजरीला ६० किलोहर्ट्झच्याही वरचा. आपल्याला शांत वाटणारी खोली तिला शांत असतेच असं नाही.

आणि घोटाळा असा की ती बोलत नाही. कुत्रा भुंकतो, कुईकुई करतो, ओढ घेतो. बहुतेक मांजरी भीतीने थिजतात. अंग आखडून, शेपटी पोटाशी घेऊन, कान आडवे करून, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करून बसून राहतात. लोक म्हणतात, "किती गुणाची आहे, आवाजसुद्धा नाही." घाबरलेल्या जिवाच्या गप्प बसण्याला आपण शहाणपण समजतो. बायकांच्या बाबतीतही हे पुष्कळ झालेलं आहे, पण तो विषय वेगळा.

ज्यांच्या लक्षात आलं

न्यूयॉर्कमध्ये डॉ. लुई कामुटी नावाचे पशुवैद्य होते. जन्म १८९३, मृत्यू १९८१. त्यांनी आपलं बहुतेक आयुष्य फक्त मांजरींच्या उपचारात घालवलं, आणि तेही घरोघरी जाऊन. १९८० मध्ये त्यांच्या आठवणींचं पुस्तक निघालं. त्याच्या नावाचा अर्थ असा की माझे सगळे रोगी पलंगाखाली असतात. नाव ऐकून हसू येतं, पण त्यात मोठी गोष्ट आहे. डॉक्टर घरी आले तरी मांजर पलंगाखाली शिरते. मग तिला पलंगच नसलेल्या खोलीत नेलं तर तिने काय करावं?

इंग्लंडमध्ये १९५८ मध्ये फेलाइन अ‍ॅडव्हायझरी ब्युरो ही संस्था निघाली. मांजरींच्या आजारांबद्दल माहितीच नाही, पशुवैद्यांना त्या छोट्या कुत्र्यासारख्या वाटतात, ही खंत तिच्यामागे होती. तीच पुढे इंटरनॅशनल कॅट केअर झाली. अमेरिकेत १९७१ मध्ये मांजरींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची संघटना झाली.

तरीही 'मांजर घाबरते' ही गोष्ट बरीच वर्षं स्वभावात मोडत होती, वैद्यकात नाही. ती वैद्यकात आली मोजमापामुळे. १९९९ मध्ये अमेरिकेत १३ मांजरींच्या अंगात रक्तदाब मोजणारं यंत्र बसवलं आणि एरवीचा दाब व डॉक्टरसमोरचा दाब ताडून पाहिला. डॉक्टरसमोर वरचा आकडा सरासरी १७ पेक्षा जास्त चढला. काहींचा तर याच्या कितीतरी पट. २००२ मध्ये दुसरा अभ्यास आला. निरोगी मांजरींना पाच मिनिटं पाण्याच्या फवाऱ्याखाली धरलं तर रक्तातली साखर वाढली, आणि ज्या जास्त धडपडल्या त्यांची जास्त वाढली. असे प्रयोग वाचताना माझा जीव कळवळतो. पण त्यातून जे कळलं ते कळायलाच हवं होतं. भीती फक्त मनात राहत नाही, ती रिपोर्टात उतरते.

याचा अर्थ काय होतो, हे आमच्या शेजारच्या काकूंकडे पाहायला मिळालं. त्यांची मनी तेव्हा अकरा वर्षांची. खाणं सुटलं म्हणून तिला शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. रविवार होता, गर्दी होती. दीड तास पिंजरा फरशीवर आणि समोर दोन मोठी कुत्री. रक्त तपासलं तर साखर भरमसाट वाढलेली. मधुमेह सांगितला, इंजेक्शनं सुरू करायची ठरलं. काकूंच्या मुलीने दुसऱ्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी रक्ताची आणखी एक तपासणी करायला सांगितली, फ्रुक्टोसमाइनची. ती मागच्या आठवड्या-दोन आठवड्यांतली साखरेची सरासरी सांगते, त्या घटकेची नाही. ती अगदी व्यवस्थित आली. दुखत होती ती दाढ. नको असलेलं इन्सुलिन मांजरीच्या जिवावर बेतू शकतं, हे ऐकल्यावर काकू कितीतरी वेळ मनीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

दुसरा तोटा याहून मोठा, पण तो दिसत नाही. २०११ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत ५८ टक्के मांजरवाल्यांनी सांगितलं की आमच्या मांजरीला डॉक्टरकडे जाणं मुळीच आवडत नाही. ३८ टक्के म्हणाले, नुसतं जायचं म्हटलं तरी आम्हालाच ताण येतो. मग माणूस काय करतो? पुढे ढकलतो. मांजर आजार लपवण्यात पटाईत, आणि आपण दवाखाना टाळण्यात. दोघांच्या मध्ये मूत्रपिंडाचा आजार मुकाट्याने वाढत जातो.

खोली बदलली

२०१२ च्या सुमाराला इंग्लंड-अमेरिकेतल्या या संस्थांनी मांजरींना सोयीच्या दवाखान्यांसाठी नियमावली केली आणि ती पाळणाऱ्यांना तसं प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. नियम वाचले तर आश्चर्य वाटतं, इतके साधे. कुत्री आणि मांजरी वेगळ्या बसवा. दोन खोल्या नसतील तर मध्ये पडदा किंवा कपाट लावा. तेही जमत नसेल तर मांजरींची वेळ वेगळी ठेवा. पिंजरा जमिनीवर ठेवू नका, फळीवर किंवा टेबलावर ठेवा. दोन मांजरी समोरासमोर येऊ देऊ नका, कारण अनोळखी मांजर हाही धोकाच. पिंजऱ्यावर टाकायला स्वच्छ टॉवेल ठेवा. आवाज हळू. थांबण्याचा वेळ कमी.

यातली प्रत्येक गोष्ट त्या जुन्या खोलीने काढून घेतलेलं काहीतरी परत देते. फळी उंची देते. टॉवेल आडोसा देतो. पडदा शत्रू नजरेआड करतो. आडोशाचा उपयोग आकड्यांतही दिसला आहे. नेदरलँड्समधल्या एका आश्रमात नव्या आलेल्या १९ मांजरींपैकी काहींना लपायला खोकं दिलं, काहींना नाही. २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. खोकं मिळालेल्या मांजरी लवकर सावरल्या.

शिकारी आणि भक्ष्य वेगळं ठेवण्याची गोष्ट आपल्याला नवी नाही. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या लाल मंदिरात पक्ष्यांचं धर्मार्थ रुग्णालय आहे. तिथे मांसाहारी पक्ष्यांवर उपचार करतात, पण त्यांना इतर पक्ष्यांबरोबर भरती करून घेत नाहीत. जखमी कबुतराच्या शेजारी घार येत नाही. मांजर उंदरासाठी घार आहे आणि कुत्र्यासमोर कबूतर. आपण तिला नेहमी पहिल्या रूपात पाहतो, दवाखान्यात ती दुसऱ्या रूपात असते.

एका खोलीच्या दवाखान्यात

आपल्याकडचे बहुतेक दवाखाने एका खोलीचे. डॉक्टर एकटे, मदतनीस एक, बाहेर शेळ्या, आत कुत्री. तिथे वेगळी खोली मागणं बरोबर नाही. पण या सगळ्या इतिहासातून आपल्या हाती राहणाऱ्या गोष्टी बिनपैशाच्या आहेत.

पहिली घरातली. पिंजरा माळ्यावरून फक्त दवाखान्याच्या दिवशी उतरवला तर मांजर त्याला बघूनच पळते. तो कायम बाहेर ठेवावा, दार उघडं, आत जुन्या मऊ साडीची घडी. मधूनमधून खाणं आतच द्यावं. व्हिएन्नामध्ये २२ मांजरींवर हे करून पाहिलं. निम्म्यांना काही आठवडे पिंजऱ्याची सवय लावली. २०१८ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत सवय झालेल्या मांजरी प्रवासात कमी घाबरलेल्या दिसल्या आणि त्यांची तपासणीही लवकर उरकली. वरून उघडणारा पिंजरा मिळाला तर उत्तम, म्हणजे ओढून काढावं लागत नाही. पोत्यात किंवा बाजाराच्या पिशवीत मांजर नेऊ नये. त्यात तिला श्वासही नीट घेता येत नाही आणि आधारही नसतो.

दुसरी, आधी फोन करावा. "मांजर आणते आहे, गर्दी कधी कमी असते?" एवढं विचारलं तर बहुतेक डॉक्टर आनंदाने सांगतात. गर्दी असेलच तर रिक्षात किंवा गाडीत थांबावं आणि नंबर आला की आत जावं. करोनाच्या काळात पुष्कळ दवाखान्यांनी हेच केलं होतं. उन्हात बंद गाडीत मात्र मांजरीला एकटं ठेवायचं नाही, क्षणभरही नाही.

तिसरी, पिंजरा मांडीवर किंवा स्टुलावर, तोंड आपल्याकडे किंवा भिंतीकडे, आणि वर घरच्या वासाची ओढणी. शेजारच्या बाईंनी कौतुकाने "बघू बघू" म्हणत ओढणी उचलली तर गोड बोलून परत टाकायची.

चौथी, तपासणीत साखर किंवा रक्तदाब एकदम जास्त आला तर घाबरून न जाता डॉक्टरांना विचारायचं की हा भीतीचा आकडा असू शकतो का, पुन्हा मोजता येईल का. यात डॉक्टरांचा अपमान नाही. चांगल्या डॉक्टरांना हा प्रश्न आवडतो.

आपल्याकडे दान चार सांगितली आहेत. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. खंबायतच्या रुग्णालयांनी आणि पांजरपोळींनी आहार आणि आश्रय दिला, ल्यों आणि परळच्या घराण्याने औषध दिलं. दोन्ही मोठी कामं, आणि दोन्हींमुळे असंख्य जीव वाचले. अभयदानाचा पहिला अर्थ जीव न मारणं, तो आपण पाळतो. पण औषध घ्यायला आलेला जीव दीड तास थरथरत बसला तर औषध दिलं आणि अभय राहिलं, असंच म्हणावं लागेल. पशुवैद्यकाला ते लक्षात यायला दोनशे वर्षांहून जास्त काळ लागला. आपल्याला ते पुढच्या फेरीपासूनच करता येईल.

आमच्या इथल्या डॉक्टरांना मी विचारलं, कोपऱ्यात एक स्टूल ठेवलं तर चालेल का? ते म्हणाले, ठेवा की. आता तिथे एक जुनं लाकडी स्टूल आहे आणि त्याच्या शेजारी खिळ्याला दोन धुतलेले टॉवेल. टॉवेल दर शनिवारी कुणी धुवायचे, याची पाळी आम्ही चौघींनी लावून घेतली आहे. तुमच्या गावच्या दवाखान्यात काय करता येईल, ते जरूर विचारून बघा.

जय जिनेंद्र.